थेट घरी जायचं नाही

तर जिना बाहेरून होता, इथपर्यंत काल सांगून झालं. लोखंडी जिना, मागच्या अंगाला, पपईच्या झाडाला खेटून. खाली मेनांगची खानावळ, वर तिचं घर, आणि दोन्हींच्या मध्ये आतून एक दार होतं ते तिनं स्वतः समोर उभं राहून विटांनी बुजवून घेतलं. गवंडी म्हणाला, "अहो आलिंग, पावसापाण्याचं आतलं दार बरं पडतं, राहू द्या की." ती म्हणाली, "तू विटा लाव. भिजणार मी आहे." मी वयानं मोठा म्हणून नुसतं मेनांग म्हणतो, बाकी सगळं गाव बाईमाणसाला मानानं म्हणतात तसं आलिंग मेनांग म्हणतं, आणि ती मला थोरल्या भावाला म्हणतात तसं कुया इमो म्हणते.

दार का बुजवलं ते नीट ऐका, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणाचं वाटेल.

मयताच्या घरी जागरणाला बसलेलं माणूस आमच्याकडं थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, दोन घास खायचे, घोटभर काळी कॉफी घ्यायची. पाठीमागून कुणी आलंच असेल तर ते तिथंच रेंगाळतं, आपला उंबरा त्याला सापडत नाही. मेलेला माणूस वाईट असतो असं कुणी म्हणत नाही. पण चांगला असला तरी त्याला घर दाखवायचं नाही. माझा धाकटा भाऊ एकदा पावसात थेट घरी आला, तर त्याच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षभर रोज पाच मिनिटं मागं पडत राहिलं. मेलेला माणूस घड्याळं दुरुस्त करायचा! आता बोला.

तर मेनांगचा नवरा जीपचा ड्रायव्हर. तो गेला तेव्हा नऊ दिवस ह्याच घरात त्याचं जागरण चाललं. सकाळी माणसं उठून निघायची आणि टेकायला जागा नसल्यामुळं पंपावर उभ्या उभ्या थंडगार पाव चावायची. नवव्या दिवशी मेनांगनं वरच्या खिडकीतून ते पाहिलं. स्वतःचं दुःख एवढं मोठं, आणि ही बाई मला म्हणते कशी, "कुया, माझ्या नवऱ्यापायी ही माणसं थंड पाव खातायत हो." सहा महिन्यांत खालच्या जीपच्या गाळ्यात तिनं चूल मांडली. पहाटे साडेचारला दार उघडायची ते दहाला बंद. लसणीवर परतलेला शिळा भात, वर तळलेलं अंडं, लुकबानची लसणीची सॉसेजं नाहीतर सुका मासा, टोमॅटोच्या फोडी, आणि मिरच्या बुडवलेला नारळाचा शिरका. हात असा, की मयताहून आलेली माणसं दुसऱ्या वाढपाला मेलेल्याचं नाव विसरायची. बावीस वर्षं आमच्या गावातलं प्रत्येक मयत तिच्याकडच्या न्याहरीनं संपलं.

पण गोम अशी, की अख्ख्या गावानं जिथं झटकून टाकायचं, त्याच्या बरोबर डोक्यावर हिचं घर! माझा चुलतभाऊ टेम्योंग तिला चिडवायचा, "आलिंग, बावीस वर्षांचे सगळे मेलेले तुमच्याकडंच मुक्कामाला असतील. भात पुरतो का?" ती त्याच्या ताटात हाडाचा तुकडा टाकायची आणि म्हणायची, "त्यांना पुरतो. ते तुझ्यासारखं तिसऱ्यांदा मागत नाहीत."

थट्टा वेगळी. मनातून ती जपायची. दहाला दोन्ही दारं सताड उघडून आतून बाहेर झाडायची. मग पुढच्या दारानं बाहेर पडायची, चर्चच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायची, न्हाव्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून एक खारं बिस्कीट खायची, आणि मग वळसा घालून मागच्या जिन्यानं घरी. घर डोक्यावर चार हातांवर, आणि बाई रोज एवढा फेरा घालून घरी पोचणार! पाहुणे हसायचे. आम्ही नाही हसलो कधी.

पाच वर्षांपूर्वीच्या वादळात मात्र चुकलं. पत्रे उडत होते, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. ती बाकावर न जाता तशीच जिन्यानं वर गेली. त्या वेळी तिची लेक लुनिंग तीन महिन्यांची गरोदर होती. आठ दिवसांत ते गेलं. डॉक्टरनं काहीतरी शास्त्रातलं कारण सांगितलं, पण मेनांगनं आपलं कारण मनात पक्कं केलं. पुढं दुसरं पाचव्या महिन्यात गेलं. त्या वेळी तर कारणही सापडेना. मग तिनं जागरणांना जाणंच बंद केलं. कुणी गेलं की भाताची पातेली पाठवायची, स्वतः जायची नाही. लोक बोलले. ती म्हणाली, "बोलू देत. माझ्या लेकीच्या पोटात कुणी बोलून येणार नाही."

आणि गेल्या वर्षी लुनिंगला तिसऱ्यांदा दिवस गेले. जावई जहाजावर. आठवा सरला, नववा लागला, सुईण सालिंगनं पोरीला अंथरूण धरायला लावलं. मेनांगचा जीव खाली पाटावर आणि कान वर छताला. वर बादली सरकली तरी हातातला झारा थांबायचा. मी म्हणायचो, "अगं, भात लागतोय." ती म्हणायची, "लागू दे."

नेमके तेव्हाच एर्मिनियो मास्तर गेले.

मास्तर म्हणजे आमच्या निम्म्या गावाचे मास्तर. लाकडी पट्टी आणि मऊ आवाज, दोन्ही एकाच वेळी चालवायचे. लुनिंगच्या बाप्तिस्म्याला हेच मानलेले बाप. जीपचा ड्रायव्हर गेल्यावर पोरीची पुस्तकं ह्यांनीच घेऊन दिली. नववा दिवस आला तरी मेनांग गेली नाही, तेव्हा लुनिंगनंच आईला टोकलं, "नानाय, मी पोटुशी, मला मयताकडं जाता येत नाही. आपल्यातलं एक तरी माणूस नको का जायला? ते मास्तर होते गं." 

म्हणून ती गेली. पहाटे चारला गेली, हात जोडले, पाऊण तास बसली. निघताना मनाशी ठरवलं होतं, आधी न्हाव्याच्या बाकावर टेकायचं. पण निघता निघता मास्तरांची सून म्हणाली, "आलिंग, आज चाळीस माणसं येतील हं तुमच्याकडं, लांबून लांबून आलेत सगळे." झालं! चाळीस म्हटल्यावर हिच्या डोक्यात भात, अंडी, लसूण सोलायची. पाय झरझर निघाले ते थेट खानावळीत. बावीस वर्षं ती बघत आली होती ना, मयताहून आलेलं माणूस ह्याच दारात शिरतं. पायांना तेच ठाऊक.

गुडघ्यामुळं मी जागरणाला गेलो नव्हतो. सहाच्या सुमारास काठी टेकत न्याहरीला पोचलो, तर आत पाय ठेवायला जागा नाही. दारातच उभा राहिलो, एक पाय पायरीवर, एक उंबऱ्यात. आत चमच्यांचा आवाज, लसणीचा वास, मास्तरांच्या पट्टीच्या गोष्टी. टेम्योंग सांगत होता, "मला सतराचा पाढा येईना, तर मास्तरांनी सतरा छड्या दिल्या आणि म्हणाले, हा घे, सतरा एके सतरा." सगळे हसले. मेनांगही हसली. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली.

तेवढ्यात टेम्योंग तोंडातला घास सावरत म्हणाला, "पण आलिंग, तुम्हीही होतात ना पहाटे तिथं? आम्ही तर इथं टेकलो. तुम्ही कुठं टेकलात? थेट घरीच आलात की! मग मास्तर कुठं उतरले?"

त्यानं थट्टेनं विचारलं. त्याची जीभच तशी, मेंदूच्या आधी निघते. पण मेनांगच्या हातातलं अंडं कढईत पडायच्या ऐवजी जमिनीवर पडलं.

"मी बाकावर गेले नाही," ती म्हणाली. एवढंच. आणि वर छताकडं पाहिलं.

 मग सुरू झाला वाद. एक म्हणाला, "आलिंग, ही खानावळ आहे. घर वर आहे. घाबरता कशाला?" दुसरा म्हणाला, "छप्पर एकच आहे की." "जिना वेगळा आहे!" "जिना वेगळा असेल, विजेचा मीटर एकच आहे." मीटरवर सगळे गप्प झाले. सुईण सालिंग कोपऱ्यात भात खात होती, तीही रात्रभर जागरणाला होती, ती ओरडली, "मीटरचं काय घेऊन बसलात रे गाढवांनो! बाईचा चेहरा बघा."

आणि तेव्हाच वरून आवाज आला. आधी काहीतरी पडल्याचा. मग लुनिंगचा, लांबट, "नानाय!"

सालिंग ताट ठेवून उठली. मागच्या बाजूला धावली. पण मेनांग तिच्याआधी जिन्यापाशी पोचली आणि दोन्ही हात पसरून पहिल्या पायरीवर उभी राहिली.

"बाजूला हो, मेनांग."

"तू तिकडून आलीस."

"मी टेकले! तुझ्याकडंच टेकले, दोन अंडी खाल्ली!"

"आज माझ्याकडं टेकून चालत नाही. ते माझ्या मागं आलेत, आतच आहेत. तू आतून उठून आलीस." तिचे ओठ पांढरे पडले होते. "सालिंग, दोन गेलेत. हे तिसरं आहे. मी तुझ्या पाया पडते, आधी बाकावर टेकून ये."

"बाक तिथं नाहीये!" टेम्योंग मागून म्हणाला. बिचारा आता थट्टा करत नव्हता. "न्हाव्याचा बाक मास्तरांकडं नेलाय, माणसांना बसायला."

मी सांगतो, मेनांगचा तसा चेहरा मी तिच्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. वर लेक ओरडतेय, सुईण दोन हातांवर उभी आहे, आणि हिला ना तिला वर पाठवता येतंय ना थांबवता. तिची नजर भिरभिरत फिरली आणि माझ्यावर थांबली. मी तोवर काठी टेकत घराला वळसा घालून तिथं आलो होतो.

"कुया, तू आज कुठून आलास?"

"अंथरुणातून."

"आत गेला होतास?"

"एक पाय उंबऱ्यात होता."

"उंबऱ्याच्या आत की बाहेर?"

आता काय सांगू! आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी खोटं बोललोय, पण त्या बाईच्या डोळ्यांपुढं जमेना. म्हटलं, "उंबऱ्यावर."

तिनं एक श्वास घेतला. "उंबरा चालतो. वर जा. तिच्याजवळ बस. दार धर."

आणि मग ती धावत खानावळीत शिरली, भाताची मोठी कढई दोन फडक्यांनी उचलली, आणि रस्त्यापलीकडच्या बसच्या शेडकडं निघाली. जाताना ओरडली, "सालिंग, माझ्या मागं ये! ती शेड सरकारची आहे, कुणाचंच घर नाही. तिथं दोन घास खा आणि मग वर जा."

मी त्या जिन्यावर गुडघ्यासकट कसा चढलो ते मला विचारू नका. लुनिंग खाटेची कड धरून बसली होती, घामानं निथळत. मला ती आजोबांच्या जागी मानते, पाहून म्हणाली, "लोलो? नानाय कुठंय?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मेनांग कढई घेऊन रस्ता ओलांडत होती, मागं सालिंग, आणि भात कुठं चाललाय हे न कळल्यामुळं मागोमाग चाळीस माणसं, हातात ताटं, ताटांत अर्धी अंडी. लुसेनाला जाणारी बस रस्त्यात थांबून भोंगा वाजवत होती. आत बसलेली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती. कंडक्टर विचारत होता, "ही मिरवणूक कुठल्या संताची?"

"तुझ्यासाठी सुईण आणतेय," मी लुनिंगला म्हटलं.

"भात घेऊन?" ती खिडकीतून बघत म्हणाली, आणि कळ आली तसा माझा हात असा आवळला की बोटाची अंगठी आत रुतली.

शेडमध्ये मेनांगनं कढईतून एक चमचा भात काढला आणि सालिंगच्या तोंडात घातला. सालिंगनंच मला नंतर सांगितलं: "चावू देईना, आणि न चावता गिळूही देईना. म्हणे, नीट खा, खोटं खाल्लेलं त्यांना कळतं. मास्तर होते ते." दुसरा घास भरवला आणि म्हणाली, "आता पळ. मागं बघू नकोस."

सालिंग वर आली तेव्हा तिच्या हनुवटीला भाताची शितं चिकटलेली होती. तिनं मला बाहेर काढलं. मी वरच्या पायरीवर बसलो. तिथून समोर शेड दिसायची, आणि शेडमधून मी. मेनांग वर आली नाही. यायला काय, रस्ता ओलांडला की जिना. पण मास्तर जिच्या मागं आले ती हीच. ती जिथं जाईल तिथं तेही येणार. म्हणून ती शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसेना. चाळीसही माणसं थांबली. घरी जायला आता कुणालाच हरकत नव्हती, पण एकही हलला नाही. टेम्योंग तर शेडच्या मागं तोंड करून उभा होता, आपण बोललो नसतो तर, असं स्वतःशीच पुटपुटत.

"कुया, काय झालं?" ती तिकडून ओरडायची.

"अजून काही नाही!"

थोड्या वेळानं पुन्हा, "कुया!"

"अजून नाही गं!"

सात वाजले. साडेसात. बनाहाव डोंगरावरचं धुकं सरलं, ऊन पायरीवर आलं. दोन बसगाड्या येऊन गेल्या. शेडमधलं कुणी चढलं नाही म्हणून कंडक्टर वैतागले. आतून सालिंगचा आवाज येत होता, आधी गोड, मग दटावणीचा, मग नुसताच जोरात. आठला लुनिंग एकदम ओरडली, आणि नंतर सगळं शांत झालं.

शांत. म्हणजे बाळही रडेना. आत सालिंग कुजबुजत काहीतरी करत होती, पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज. मी उठू की बसू मला कळेना. आणि समोर शेडमधून मेनांग काही विचारत नव्हती. ती माझा चेहरा बघत होती. तेवढ्या लांबून तिला काय दिसत असेल, पण तिचा सगळा जीव माझ्या तोंडावर येऊन बसला होता. मला वाटलं, इमो, आता तुझ्या चेहऱ्यावर काही उमटलं तर ती बाई तिथंच खांबाला धरून खाली बसेल. मी टोपी काढली, डोकं खाजवलं, पपईकडं बघितलं, पपई पिकलीय का तेच जणू बघतोय. आयुष्यात मी एवढा वेळ पपईकडं कधी बघितलं नव्हतं. 

मग आतून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. मग दुसरा, जोरात. मग असा टाहो, की समोरून चाळीस माणसांनी ताटं खांबांवर बडवली. टेम्योंग रडत होता आणि रडता रडता सांगत होता की डोळ्यांत धूळ गेली.

"मुलगी!" मी ओरडलो. "दोघी बऱ्या आहेत!"

 मेनांग शेडच्या बाकावर बसली. मयताकडून आल्यापासून पहिल्यांदा.

मी जिना उतरून, रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेलो. माणसं पांगत होती, आपापली ताटं तिच्याकडं आणून ठेवत होती. तिनं कुणाकडून तरी किटली मागवून दोन पेले कॉफी ओतली होती. एक तिच्या हातात होता. दुसरा तिच्या शेजारी, बाकाच्या रिकाम्या जागेवर, वाफा सोडत होता, आणि चाळीसातलं एकही माणूस त्या जागेवर बसलं नव्हतं. मीही उभाच राहिलो.

वरून खिडकीतून लुनिंगचा थकलेला आवाज आला, "नानाय! ये ना गं. तुझ्यासारखं नाक आहे."

"ऐकलंस का?" मी म्हटलं. "पोरगी बोलावतेय. आता कशाची वाट बघतेस? चल की वर."

मेनांगनं डोळे पुसले, शेजारच्या पेल्याकडं एकदा पाहिलं, आणि मला म्हणाली, "कुया, लुनिंगला सांग, आलेच म्हणावं. पण मास्तर जन्मभर कॉफी फुंकून फुंकून प्यायले, आज मी त्यांना घाई कशी करू? एवढा पेला संपू दे, नऊच्या बसनं त्यांना मानानं बसवून देते, आणि मग हात धुऊन माझ्या नातीला घेते."